खमैसचा चालू राहिलेला फोन

खमैसला बोलता येत नाही असं आमच्या कर्कना बेटावर कुणी म्हणालं, तर त्याला खुशाल वेड्यात काढा. हा बाबा ऑक्टोपसांशी बोलतो! पहाटे होडीतून जायचं, समुद्रात सोडलेली दोरी ओढायची, तिला बांधलेली मातीची गाडगी एकेक वर घ्यायची आणि आत जो दडून बसलेला असेल त्याची खरडपट्टी काढायची. "फुकटचं घर मिळालं म्हणून पाय पसरतोस होय रे? तेही आठ-आठ!" ऐकणाऱ्याची हसून मुरकुंडी वळते. माणसांसमोर मात्र त्याची दातखीळ बसते, आणि फोनवर तर विचारूच नका.

त्याची एकुलती एक लेक अरीज यंदा राजधानीत, ट्यूनिसला कॉलेजात गेली. निघायच्या दिवशी या शहाण्याने काय करावं? अंगणातल्या दोरीवर कपड्यांशेजारी वाळत घातलेले ऑक्टोपस काढले आणि लेकीच्या बॅगेत कोंबले.

"अहो, वसतिगृह आहे ते, आपलं अंगण नाही," बायको सालहा म्हणाली.

"असू दे गं. बार्लीच्या सूपात घालून खाईल पोर."

वसतिगृहात बॅग उघडली आणि खोलीभर वास सुटला. सोबतच्या मुलींनी नाकं मुरडली, अरीजचं नाव 'खारट' पाडलं. तिने रडत फोन केला. "बाबा, पुन्हा काही म्हणजे काही पाठवू नका. लाज वाटते मला!"

तेव्हापासून फोनवर एवढंच. बरंय ना? बरंय. जेवलीस? हो. अभ्यास? चाललाय. की ठेवला फोन. हिवाळ्याच्या सुट्टीचं विचारलं, तर म्हणाली, "नाही जमणार यायला." त्या दिवशी खमैसचं जेवणात लक्ष लागेना.

"पोर हातची गेली गं, सालहा."

"जाईल नाही तर काय! तुम्ही बाप आहात की चौकीतले हवालदार? नुसते प्रश्नावर प्रश्न."

खमैस ताट सारून उठला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो समुद्रात गेला. वारा पडलेला. पाणी आणि आभाळ एकाच फिकट रंगाचं झालेलं, मधली रेघच पुसून गेलेली. होडी पाण्यात आहे की ढगात, कळेना. मासे अडवायला रोवलेली खजुराच्या झावळ्यांची कुंपणं दूरवर उभी होती, तीही अजून झोपेतच असावीत असं वाटलं. लेकीला फोन करावा म्हणून त्याने नंबर लावला, पण घंटा वाजायच्या आतच धीर सुटला. फोन बंद केला असं समजून त्याने तो सदऱ्याच्या खिशात टाकला आणि दोरी ओढायला घेतली.

पहिल्याच गाडग्यात एक लहानसा ऑक्टोपस निघाला. खमैस त्याच्याकडे बघत राहिला.

"तुझं नशीब चांगलं म्हणायचं. आमची अरीज लहानपणी इथेच बसायची, या फळीवर. तुझ्याएवढा कुणी निघाला की रडून गोंधळ घालायची, सोडा म्हणजे सोडा! मी ओरडायचो तिला. आता ओरडायला तरी कोण आहे? जा बाबा, जा."

त्याने त्याला पाण्यात सोडलं.

"सोडलात ना, बाबा?"

खमैस असा दचकला की होडी डुचमळली. आणि खोटं नाही सांगत, आधी त्याने गाडग्यात वाकून पाहिलं! इतकी वर्षं बोलतोय, एखाद्या दिवशी एखादा उत्तर देईल असं त्याला मनातून वाटतच असणार.

"गाडग्यात नाही हो बाबा, खिशात!" अरीज हसत होती.

"तू? कधीपासून?"

"कधीची ऐकतेय. पाणी ऐकतेय. ठेवू नका फोन. तुमचं चालू द्या."

'जेवलीस का' अगदी जिभेवर आलं होतं. खमैसने ते गिळलं आणि दोरी ओढत राहिला. दोरीचं पाणी होडीत ठिबकत होतं. थोड्या वेळाने खिसा आपणहून बोलायला लागला. सर फ्रेंचमध्ये भरभर बोलतात, निम्मं डोक्यावरून जातं. रात्र रात्र झोप लागत नाही. पहिल्या परीक्षेत नापास झाले, बाबा. कुठल्या तोंडाने येऊ घरी?

खमैसने पुढचं गाडगं वर घेतलं, आत चांगला दांडगा गडी बसला होता. त्यालाच तो म्हणाला, "ऐकलंस का रे? नापास झाली म्हणून घरी येत नाही म्हणे. घर काय मी पास झालेल्यांसाठी बांधलंय होय?"

खिशात बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज.

"त्यालाही सोडा ना, बाबा."

"याला सोडलं तर तुझी आई मला सोडायची नाही."

ती हसली. मग म्हणाली, "तिला सांगा, सुट्टीत येतेय." आणि मग काहीच नाही. खमैसने कान दिला. खिशातून संथ श्वास ऐकू येत होता.

गाडगी संपली, ऊन वर आलं. खमैसने इंजिनाच्या दोरीला हात घातला आणि तसाच मागे घेतला. होडीतली लांब काठी उचलली, उथळ पाण्यात तळाला टेकवली आणि हळूहळू रेटत निघाला. आमच्या होड्या फटफटत शेजारून गेल्या, त्यांनाही तो हातानेच लांबून जा म्हणत होता.

किनाऱ्यावर सालहा वाट बघून कंटाळली होती. "काय झालं? इंजिन बिघडलं की काय?" ती लांबूनच ओरडली.

घामाने निथळणाऱ्या खमैसने ओठांवर बोट ठेवलं. मग खिशाकडे दाखवलं.

"हळू बोल. पोर झोपलीय."