सोबतीची खाट

रबीहाबाई पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांनी दवाखान्याचे सगळे कागद चक्क शिवून आणले होते. डाव्या कडेनं, पांढऱ्या दोऱ्यानं, सारख्या बारीक टाक्यांनी. आणि लावले होते तेही तारखेप्रमाणे नाही, आकाराप्रमाणे. मोठे खाली, लहान वर. ब्लाउजचे कापलेले तुकडे ठेवावेत तसे.

मी कपाळावर हात मारला. "अहो बाई, हे काय करून ठेवलंत? मला एकेक कागद सुटा लागतो. भाषांतर करायचं, शिक्का मारायचा, स्कॅन करायचा."

"सुटे कागद हरवतात, पोरी," त्या म्हणाल्या. "उसवायचं असेल तर उसवते. त्यात काय एवढं?"

पर्समधून छोटी कात्री काढून त्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि टाके उसवायला लागल्या. एकाही कागदाला चीर गेली नाही. उसवलेला दोरासुद्धा बोटाला गुंडाळून त्यांनी पर्समध्ये ठेवला.

मी तुर्कीतले कागद अरबीत आणि इंग्रजीत करून देते. नाव जानसेत. आम्ही अम्मानचे जुने चेर्केस, पिढ्यांपूर्वी कॉकेशसातून जॉर्डनमध्ये आलेले, आणि माझं कॉलेज झालं इस्तंबूलला, त्या जोरावर हा धंदा चालतो. लोक माझ्याकडे येतात ते मी जास्त पैसे घेत नाही म्हणून, आणि परत येतात ते मी विमा कंपन्यांशी भांडते म्हणून. भांडायला मला आवडतं. घरी भांडायला कुणी उरलेलं नाही. मुलगा कॅनडात, त्याच्या बापाशी काडीमोड होऊन जमाना झाला, आणि घरी गेल्या गेल्या मी टीव्ही लावते तो काही बघायला नव्हे.

रबीहाबाईंनी अम्मानच्या अश्रफिये टेकडीवरच्या एका महिला संस्थेत तीसेक वर्षं शिवण शिकवलं. त्या टेकडीवरच्या कितीतरी नवऱ्या मुलींचे झगे त्यांच्या हाताखालून गेलेले. स्वतः लग्न केलं नाही. आई अंथरुणाला खिळलेली होती, ती वर्षानुवर्षं खिळलेलीच राहिली, आणि ती गेली तेव्हा बाईंचं वय लग्नाचं विचारण्यापलीकडे गेलं होतं. मग दोन खोल्या आणि एक मशीन. सुब्ही नावाचा भाऊ जवळच्याच झरका शहरात. माणूस वाईट नाही. ईदला मुलाबाळांसकट यायचा, मिठाईचा डबा ठेवायचा, "काही लागलं तर सांग हं, रबीहा" म्हणायचा. ह्यांनी कधी सांगितलं नाही आणि त्यानं कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

संस्थेनं शिवणवर्ग बंद केला तेव्हा तिथल्या बायका म्हणाल्या, बाई, आता तरी जरा जग बघा. म्हणून त्या एका ग्रुपबरोबर तुर्कस्तानात त्राब्झोनला गेल्या. हिरवं बघायला. तिथे तिसऱ्या दिवशी पोटात असं काही उठलं की रस्त्यातच खाली बसल्या. पित्ताशयातला खडा सरकून अडकला होता, स्वादुपिंडाला सूज होती. ग्रुपचे लोक दवाखान्यात पोचवून गेले, "बाई, काळजी घ्या" म्हणाले आणि ठरलेल्या विमानानं घरी आले. त्यांचं तरी काय चुकलं? सगळे लेकुरवाळे होते.

प्रवासाचा विमा होता म्हणून आता क्लेम करायचा होता. घाईही होती. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पित्ताशय काढून टाका, पुढचा झटका याच्यापेक्षा वाईट असेल. आणि बाईंची सगळी पुंजी त्राब्झोनच्या बिलात गेलेली. क्लेम आला तर ऑपरेशन, नाही आला तर नाही, इतकं ते सरळ होतं.

मी कागद तारखेनं लावले. ॲडमिट केल्याचा कागद, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, औषधांच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड, पासपोर्टवरचे शिक्के, इथल्या डॉक्टरचं पत्र. भाषांतर जोडलं, फाईल केली, पाठवली. मनात म्हटलं, ह्यात भांडायलाही काही जागा नाही.

पंधरवड्यानं विमा कंपनीतल्या बाईचा फोन आला. "बिलात सोबत्याची खाट आणि सोबत्याचं जेवण लावलंय. तुमच्या पेशंट तर एकट्या गेल्या होत्या. सोबतीला कोण होतं त्याच्या पासपोर्टची प्रत द्या. कुणीच नसेल तर पेशंटनं दोन साक्षीदारांसमोर तसं लिहून द्यायचं. नाहीतर हे बिल आम्ही खरं कसं धरायचं?"

मी रबीहाबाईंना बोलावलं. "सोबतीला कोण होतं?"

"ग्रुपमधली एक होती. उम्म निदाल."

"तिचा पासपोर्ट?"

"ती लेकाकडे गेली आता. सौदीला."

दोन दिवसांनी विचारलं तर उम्म निदालच्या जागी बहीण आली होती. मग मात्र माझी सटकली. "बाई, मला काय खुळी समजता का? तुमचा अख्खा ग्रुप ठरलेल्या विमानानं परत आला, तुम्हीच सांगितलंत. मग त्या खाटेवर झोपलं कोण? भूत?"

त्या हसल्या नाहीत. बाहीचं एक सुटलेलं बटण नुसतं फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कुणी नव्हतं गं."

मग सगळं सांगितलं. खोलीत दुसरी खाट एका म्हातारीची होती, आणि तिच्या दोन सुना पाळीपाळीनं तिच्या पायाशी बसलेल्या. केस विंचरायच्या, सूप भरवायच्या. नर्स आली की पहिला प्रश्न तोच, खुणेनं, बाईंच्या शेजारी घडी करून ठेवलेल्या सोबतीच्या खाटेकडे बोट करून: तुमचं कोण? "मी काय सांगणार? खुणेनंच सांगितलं, बहीण येतेय, वाटेत आहे. तिनं विचारलं, खाट आणि जेवण लावू? मी मान हलवली. मग रोज खाट उघडायला लागली. मला तोंडाला पाणीसुद्धा लावायची बंदी होती आणि बाजूला गरम जेवणाचं ताट यायचं. मी चमचा बुडवून ठेवायची. पाव खिडकीत टाकायची, चिमण्यांना. आणि सकाळी नर्स यायच्या आधी त्या खाटेची चादर चुरगळून ठेवायची. हाताला सलाईन असायचं, पण जमायचं."

"कशासाठी, बाई?"

"त्या सुना बघायच्या ना माझ्याकडे." एवढंच त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, मग झालं, कुणी नव्हतं एवढंच लिहून द्या, आता मी कंपनीच्या उरावर बसते. तशा त्या ताडकन उठल्या.

"हे मी लिहून देणार नाही. सुब्हीनं फोनवर विचारलं, कोण आहे सोबत, मी म्हटलं उम्म निदाल आहे. त्यानं ते गल्लीभर सांगितलंय. उद्या साक्षीदार लावून लिहिलं की त्याची बहीण परमुलखात बेवारशासारखी पडली होती, तर त्यानं तोंड कुठे लपवायचं?"

"आणि तुमचं ऑपरेशन?"

"बघू."

फाईल उचलून त्या गेल्या. मला इतका राग आला की दुपारचं जेवण गेलं नाही. सुब्हीचा राग, त्या नर्सचा, बाईंचाही. आणि खरं सांगायचं तर त्यांच्याजागी मी असते तर चादर मीही चुरगळली असती, हे कळत होतं, त्याचा जास्त.

महिन्याभरानं त्या आल्या तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे होते. जिना चढून धाप लागलेली. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "लिही."

मी लिहिलं. एक साक्षीदार मी. दुसरा? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी दाराकडे. खालचा कॉफीवाला अबू गाझी नेमका ट्रे घेऊन वर आला होता. म्हटलं, अबू गाझी, एक सही करता?

"एक कशाला, दहा करतो. कुठे करू?"

"आधी वाचा," रबीहाबाई म्हणाल्या. "न वाचता सही करू नका."

अबू गाझीनं चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचलं. "मी रबीहा, त्राब्झोनच्या रुग्णालयात होते त्या सगळ्या काळात माझ्याजवळ माझं कोणीही नव्हतं. सोबतीची खाट रिकामी होती." त्यानं चष्मा काढला. "हे काय, ताई? आम्ही काय मेलो होतो?"

"तुमची-माझी ओळख आत्ता झाली, अबू गाझी."

"मग? कॉफीवाल्याला ओळख लागते होय?" त्यानं सही केली, एक पेला त्यांच्यापुढे ठेवला. "बिनसाखरेची आहे. बाकीच्यांना कडू लागते, तुम्हाला नाही लागायची." आणि पैसे न घेता खाली गेला.

रबीहाबाई आधी हसल्या. मग डोक्यावरच्या रुमालाचा पदर तोंडावर ओढून बराच वेळ रडल्या. मी उगीचच शिक्क्याची शाई बघत बसले.

क्लेम मंजूर झाला. तुकड्यातुकड्यानं, भांडून, पण झाला. त्यानंतर बाईंचा फोन नाही, काही नाही. मला वाटलं, काम सरलं. आमच्या धंद्यात असंच असतं.

मग एका सकाळी एका खाजगी हॉस्पिटलमधून फोन. "रबीहा यांच्या सोबती तुम्हीच ना? त्यांना ऑपरेशनला घ्यायचंय आणि सहीला कुणी नाही."

"मी?"

"नाव तुमचंच आहे इथे. जानसेत. नातं…" पलीकडचा माणूस अडखळला. "नातं, भाषांतरकार. पेशंटला अरबी येत नाही का?"

"तुझ्यापेक्षा चांगली येते," मी म्हणाले आणि ऑफिसला कुलूप घातलं.

मला विचारलं नव्हतं त्यांनी. विचारलं असतं तर मी नाही म्हणू शकले असते, म्हणून नसेल विचारलं. पण या खेपेला बहीण लिहिली नव्हती, उम्म निदालही नाही. जेवढं खरं होतं तेवढंच लिहिलं होतं. टॅक्सीत मला फार रडू आलं आणि ड्रायव्हरनं रेडिओ बारीक केला.

दुपारी त्यांना खोलीत आणलं. गुंगी पुरती उतरली नव्हती. शेजारी सोबतीची खाट उघडून ठेवली होती, इस्त्रीची पांढरी चादर घालून. तिच्या कडेवर मी पर्स मांडीवर घेऊन बसले होते, पाहुण्यासारखी. थोड्या वेळानं बाईंचा सलाईन लावलेला हात पांघरुणाबाहेर आला. चाचपत चाचपत माझ्या खाटेपर्यंत पोचला. चादर मुठीत धरून चुरगळायला लागला.

"काय हवंय, बाई?"

डोळे मिटलेलेच होते. "नर्स यायची वेळ झाली," त्या पुटपुटल्या. "झोपलं होतं कुणीतरी असं दिसायला हवं."

चुरगळत चुरगळत तो हात माझ्या गुडघ्याला लागला आणि थांबला. त्यांनी गुडघा दाबून बघितला. पुन्हा एकदा बघितला.

"मी आहे," मी म्हणाले. "चादर सोडा आता."

त्यांनी सोडली. मी बूट काढले आणि त्या खाटेवर आडवी झाले.