तिसऱ्या खांबातला गडवा

"थांबव बे ते मशीन, माह्या बापाचा गडवा हाय त्याच्यात!"

अकोल्यातला मोर्णेवरचा जुना काँक्रीटचा पूल पाडायला घेतला, त्या दिवशी फुलवाल्या काकांनी असा आवाज काढला की अकोटची एसटी जागेवर थांबली आणि आतल्या उतारूंनी हात वर केले. मशीन मात्र थांबलं नाही.

तुम्ही त्या पुलावरून गेला असाल, तर झेंडूच्या ढिगामागचे काका तुम्ही पाहिलेच आहेत. शेजारचं पानाचं दुकान माझं. आता पूल नाही, ढीग नाही, काकाही नाहीत.

पूल बांधला तेव्हा त्यांचे वडील डोक्यावर घमेल्यांनी काँक्रीट वाहत. तिसरा खांब भरताना पाणी प्यायचा पितळी गडवा त्यांच्या हातून निसटला आणि आत गेला. ओतणं मध्येच थांबवलं तर थरात सांधा पडतो, खांब कच्चा राहतो. म्हणून कोणी थांबलं नाही. गडव्यावर घमेली पडत गेली. घरी काकांची आई, गिरजाबाई, हे मानेना. माहेरचा गडवा नवऱ्याने दारूत घातला, असं ती मरेपर्यंत सांगत राहिली. जुन्या शहराला तेच पटलं.

काकांना पटलं नाही. "ओतनं सुरू झालं का थांबत नसते, बाबू." चहा बशीबाहेर गेला तरी हेच. पुढाऱ्याचं भाषण इतकं लांबलं की ऐकणाऱ्यांना दाढ्या फुटल्या, तरी हेच.

तिसरा खांब फुटला तेव्हा काका काठावर बसले होते. गिट्टी निघाली, गंजलेल्या सळ्या निघाल्या. बाकी काही नाही. ते उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी फुलं न आणता नुसत्या गोणपाटावर येऊन बसले. गिऱ्हाईक फुलं विचारायचं, काका त्याच्याकडे भिंतीकडे पाहावं तसे पाहायचे.

तिसऱ्या दिवशी मी भांडेबाजारातून जुना गडवा आणला, दगडाने चेपला, सिमेंट फासलं, ढिगाऱ्यात खुपसला आणि मीच बोंब ठोकली, "काका, सापडला!"

ते सावकाश आले. गडवा धोतराला पुसला, अंगठ्याने घासला. आपल्याकडे भांडं म्हटलं की त्यावर नाव आलंच, हे मी घाईत विसरलो होतो. काठाखाली कोरलं होतं : सौ. सुमन.

काकांनी ते दोनदा वाचलं. गडवा माझ्या हातात ठेवला.

"दुसऱ्याच्या घरचा हाय. देऊन ये."