चाळीस टक्के

मी आणि माझ्या तरुण शेजाऱ्यानं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गच्चीवरून माझ्या बायकोच्या साड्या काढणं. मी सुतार. तो इथे आखातात, सलवा भागातल्या आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली राहतो आणि विमानतळावर वादळांचा अंदाज काढतो. उन्हाळ्याआधी इथे वाळवंटावरून घटकेत वादळ उठतं. तो मान वाकडी करून ढग बघणार, नाक चोळणार आणि म्हणणार, "चाळीस टक्के, काका." वादळ येणार की नाही, हे त्यानं सरळ कधी सांगितलं नाही. त्या दिवशी बायको जिन्यातून ओरडली, "अरे, टक्क्यांवर कपडे सुकत नाहीत रे!" तो हसला नाही. साड्यांच्या घड्या मात्र माझ्यापेक्षा बऱ्या घातल्या.

त्याच संध्याकाळी ती गेली. हृदय बंद पडलं. कागदपत्रांत दोन दिवस गेले, मग सकाळच्या विमानानं तिला गावी न्यायचं ठरलं. तिकडे मुलगा सगळी तयारी करून बसलेला. आदल्या दिवशी पश्चिमेला आभाळ काळं झालं. मी त्याला म्हटलं, "टक्के नकोत. विमान सुटेल का, तेवढं सांग."

त्यानं नाक चोळलं. वर न बघता माझ्याकडे बघितलं.

"सुटेल, काका. नक्की."

सकाळी वादळ आलं आणि सगळी विमानं अडकली. तो रजा टाकून माझ्याशेजारी बसला होता. थोड्या वेळानं त्यानं माझा फोन मागून घेतला आणि गावी मुलाला सांगितलं, "अंदाज माझा चुकला. आईंना यायला उशीर होईल."