पुलावरचा ओटा

आमच्या गावाजवळचा छोट्या रेल्वेगाडीचा पूल गाडी बंद पडल्यापासून ओसाड होता. आता तिथे झाडंझुडपं लावून फिरायची वाट केली आहे. रूळ तसेच ठेवलेत आणि रुळांखालून काढलेल्या काही जुन्या लाकडी स्लीपरांचे बाक केलेत. परवा एका बाकावर बसलो, तर तापलेल्या लाकडातून डांबरी तेलाचा वास आला. बाबांच्या सदऱ्याला हाच वास यायचा.

बाबा या रुळांवर गँगमन होते. मला घरातला पहिला पदवीधर करायचं त्यांनी मनाशी धरलं होतं. एका शनिवारी मी अकोल्याहून कॉलेजच्या मित्राबरोबर घरी येत होतो. पुलावर आमची कोळशाच्या इंजिनाची गाडी हळू झाली. गाडी जाताना गँगमननी उभं राहायच्या कडेच्या ओट्यावर बाबा हिरवा झेंडा धरून उभे होते.

"जेवला काय रे गजू?" त्यांनी हसून विचारलं.

मी खिडकीपासून तोंड फिरवलं.

"कोन हाय बे?" मित्र म्हणाला.

"असंन कोनी गँगमन."

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "डोयात कोयसा गेला होता काय रे तुया?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी दुपट्ट्याचं टोक फुंकरीने गरम केलं, माझी पापणी उचलली आणि नसलेला कण कितीतरी वेळ शोधला. बरं झालं, त्यांना ऐकू गेलं नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

परवा पहिल्यांदाच मी त्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. रूळ तिथून दोन हातसुद्धा लांब नाहीत.