लवकर येणं कुणाच्या माहेरचं?

दिवस भरायच्या आत बाळंत होणाऱ्या बायकांसाठी आमच्या दवाखान्यात वेगळी ओपीडी आहे. मी तिथली सिस्टर. मॅडम घराण्याची चौकशी करतात, मी गोल-चौकोन काढून वंशावळ मांडते, आणि दुपारपर्यंत कोण कुणाचं कोण हे आम्हा दोघींनाही कळेनासं होतं! मग किस्से साठणार नाहीत तर काय?

*

एकदा हर्सूलचं एक जोडपं आलं. मॅडमनी समजावलं, की लवकर बाळंत होण्यात रक्ताचाही थोडा हात असतो. त्यातही आईकडचा जास्त, वडिलांकडचा कमी.

नवऱ्यानं तिथूनच, कोर्टातून निर्दोष सुटल्यासारखा, घरी फोन लावला. "अम्मी, अपन बरी हो गए!"

बायको शांतपणे म्हणाली, "बरी? रात को बच्चा तुमीच सँभालना!"

*

हे बाहेरच्या बाकावर ऐकू गेलं. तिथे पैठणच्या जनाबाई बसल्या होत्या. सोबत त्यांची सून सविता, पाच महिन्यांची गरोदर. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात आलं आणि वाचलं नाही. आता हे तरी राहावं, एवढंच तिचं म्हणणं.

जनाबाई आत येताच म्हणाल्या, "ऐकलं मी. दोष हिच्या माहेरचा हाय!"

मी वंशावळ काढायला घेतली. सविताच्या वडिलांना बहीण आहे का, विचारलं. सवितानं हळूच सासूकडे बोट केलं. जनाबाईंनी मुलाला सख्ख्या भावाचीच मुलगी केली होती!

"अहो, हिचं माहेर तेच तुमचं माहेर!"

"व्हय. पण मी कवाच निघून आले ना तिथून!"

*

पुढच्या खेपेला मॅडमनी पुन्हा सगळं सांगितलं. दोष कुणाचाच नसतो. रक्त असतं, जंतुसंसर्ग असतो, बीपी असतं, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही.

"म्हंजी तुमाला बी ठाव नाय?"

"पूर्ण नाही."

"मंग मी म्हणते तेच खरं!"

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी पंख्याकडे.

*

सातवा लागला तसं मॅडमनी सविताला भरती व्हायला सांगितलं. जनाबाई उठल्याच. "कशाला उगं भरती? आमच्या माहेरात समदे भरल्या दिवसांचे!"

दोषी माहेर एका फटक्यात निर्दोष! मी खोडरबर शोधायला लागले.

एरवी सविता तोंड उघडत नाही. ती म्हणाली, "आत्या, आजी सांगायची, तुला कापसात गुंडाळून चुलीजवळ ठेवलं होतं."

"थंडी लई होती तवा!"

"तुझा जन्म तर चैत्रातला गं!"

जनाबाई सविताला भरती करून गेल्या.

*

बाळ शेवटी आठव्या महिन्यातच आलं. मुलगी, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. सविता व्हीलचेअरवर बसून बाहेरून बघत होती आणि रडत होती.

"आत्या, माझ्यामुळंच झालं हे. ही तरी जगंल ना गं?"

मलाही रडू आवरेना.

जनाबाईंनी नातीकडे पाहिलं. मग सविताचं डोकं पोटाशी धरलं.

"तुह्यामुळं नाय. ती चुलीजवळची पोर मीच व्हते. बघ, हाय का नाय अजून?"