खळ्यावरचा पाय

ताई गेली तो बुधवार होता. गुरुवारी तिला माती दिली, आणि त्याच दुपारी वेल्ह्याकडच्या एका गावात एक म्हातारा शेतकरी पाय धुऊन पडवीत तिची वाट बघत बसला होता. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही दोघी बिनलग्नाच्या, भोरच्या घरात एकत्र राहायचो. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, मी शाळेच्या ग्रंथालयात. निवृत्त झाल्यावर मी वाचत घरात राहिले. तिनं मात्र गुरुवारचा एक रुग्ण ठेवला. साखरेच्या आजारानं त्या म्हाताऱ्याचे तळवे बधिर झाले होते आणि उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती. रोजची पट्टी त्याची सून बांधायची. गुरुवारी ताई जाऊन जखम साफ करायची, मेलेली कातडी कापायची, सुनेला दोन गोष्टी सांगायची. भोरच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, जखम हाडापर्यंत गेली तर अंगठा काढावा लागेल, आणि असं काढणं एकदा सुरू झालं की ते अंगठ्यावर थांबेलच असं नाही. ताई चार वर्षं जात राहिली. चार वर्षं जखम भरायची आणि पुन्हा उघडायची.

तिच्यामागे मी तीन आठवडे घराबाहेर पडले नाही. मग त्या माणसाला निदान निरोप तरी द्यावा म्हणून निघाले. भोरहून कापूरहोळ, तिथून हायवेनं नसरापूरचा फाटा, तिथे वेल्ह्याच्या एसटीची वाट बघायची, आणि उतरल्यावर अर्धा तास चढ. ताई हे साठीनंतर करत होती, आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्यासाठी भाकरी टाकत होती. त्या चढावर मला पहिल्यांदा तिचा राग आला.

म्हाताऱ्यानं माझं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मंग आता पट्टी कोन बगनार?"

मला ते फार लागलं. माझी बहीण गेली होती आणि ह्याला पट्टीची पडली होती. मी उठणार, एवढ्यात सुनेनं गरम पाण्याचं पातेलं आणून माझ्यापुढे ठेवलं. तिला वाटलं होतं मी त्यासाठीच आले आहे. ताईची पिशवी माझ्या खांद्याला होती. ती मी का घेतली होती हे मला आजही सांगता येत नाही. मी खाली बसले.

"तुमी शिस्टरच्या शिस्टर व्हय?" म्हाताऱ्यानं विचारलं. सून तोंडाला पदर लावून आत पळाली.

माझा हात नर्सचा नाही. आयुष्यभर मी पुस्तकांना कव्हरं घातली. पहिल्या दिवशी बांधलेली पट्टी बघून तो म्हणाला, "शिस्टर दोन फेऱ्यांत बांदायची. तुमी तर पायाला मुंडासं बांदलं." पुढच्या गुरुवारी, "आता ह्यो पाय पोस्टात टाकायचा का?" मी गप्प राहायचे. तोच मग एकदा म्हणाला, "तुमची ताई लई रागवायची. त्ये बरं हुतं. गप बसनाऱ्याचं भ्या वाटतं."

दवाखान्यात ताईच्या हाताखाली शिकलेल्या एका नर्सबाईकडे जाऊन मी पट्टी बांधायला शिकले. साठाव्या वर्षी उशीवर सराव केला. पट्टी जमू लागली, पण उत्साह काही आला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. चांगलं काम करताना मनाला आतून बळ मिळतं, असं आमच्याकडे म्हणतात. मला बळबीळ मिळत नव्हतं. गुरुवारी सकाळी मी निघायला मुद्दाम वेळ लावायचे. गाडी चुकली तर बरं, असं वाटायचं. प्रार्थना करायचे तीही इतकीच, की देवा, आजचा दिवस जाऊ दे.

भोरमध्ये आमची ख्रिस्ती लोकांची चार-सहा घरं. रविवारी कुणाच्या तरी घरी उपासना होते. तिथे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन प्रेमानं सांगितलं, "तुम्ही दुःखात आहात. ते काम त्यांचं होतं, त्यांच्याबरोबर संपलं. आता स्वतःला जपा." वाईट वाटलं ते ह्याचं, की ते ऐकून मला आधी सुटल्यासारखं झालं.

आणि गावाकडे वेगळंच. एसटीच्या थांब्यावर एका माणसानं मला हटकलं, "बाई, तुमी हितं धर्म बदलायला येता म्हनं?" म्हातारा तालुक्याला जायला तिथेच उभा होता. तोच बोलला, "चार वर्सं झाली, माजा पाय बदलंना, धर्म कुटला बदलतोय! गप बस." लोक हसले. मीही हसले, ताई गेल्यानंतर पहिल्यांदा.

पावसाळा संपता संपता जखम आकसत आली. दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी पट्टी सोडली तर खाली गुलाबी, कोरडी कातडी. सुनेनं हात जोडले. मी घरी आले आणि ताईची वही काढली. तिनं प्रत्येक गुरुवारची एक ओळ लिहून ठेवली होती. जखम किती, वास आहे का, साखर किती. मला तिथे लिहायचं होतं की भरली. लिहिण्याआधी सवयीनं मागची पानं वाचत गेले. चारही वर्षं जखम दसऱ्याच्या सुमाराला भरली होती. चारही वर्षं दिवाळीनंतर उघडली होती. शेवटच्या वर्षी ताईनं त्या ओळीपुढे लिहिलं होतं, "पुन्हा तेच. काय चुकतं?"

चांगलं करत राहा, धीर सोडू नका, आपल्या वेळेला सुगी येईलच, असं आम्ही उपासनेत लहानपणापासून ऐकत आलो. इथे सुगी आली की जखम उघडत होती.

ताईनं त्याच्यासाठी पुण्याहून मऊ तळाच्या चपला आणल्या होत्या. तो त्या घालायचाही. मी गेले की पायात असायच्याच. मग चुकत काय होतं? दिवाळीनंतर मी गुरुवारची वाट न बघता सोमवारीच गेले. घराला कडी होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, "समदी खळ्यावर हायेत."

खळं शेताच्या कडेला होतं, चोपून, शेणानं सारवून आरशासारखं केलेलं. मधे लाकडी फळी, आणि म्हातारा भाताच्या पेंढ्या तिच्यावर आपटत होता. दाणे पावसासारखे उडत होते. इंद्रायणी तांदळाचा वास सुटला होता. आणि खळ्याच्या बाहेर, एका दगडाशी, त्या मऊ तळाच्या चपला शेजारी शेजारी नीट काढून ठेवल्या होत्या.

तो अनवाणी होता. खाली तूस, खडे, कापलेल्या काडांची टोकं. त्याला काहीच टोचत नव्हतं, तोच तर त्याचा रोग होता. उजव्या पायाच्या मागे सारवलेल्या जमिनीवर लाल ठिपके पडलेले मला लांबून दिसले.

मी आयुष्यात कधी कुणावर ओरडले नाही. त्या दिवशी ओरडले. "थांबा! अहो थांबा, रक्त येतंय!" म्हणत मी धावत खळ्यात शिरले आणि त्याचा दंड धरला.

पेंढी आपटायची थांबली. सून, तिचा नवरा, पेंढ्या वाहणाऱ्या दोन बायका, सगळे वळले. सगळे माझ्या पायांकडे बघत होते. माझ्या पायात चपला होत्या, रस्त्याच्या शेणाचिखलानं भरलेल्या, आणि त्या सांडलेल्या भातावर उभ्या होत्या.

म्हाताऱ्यानं आवाज चढवला नाही. "बाई," तो म्हणाला, "ह्ये ताटात पाय दिल्यावानी झालं."

मी बाहेर आले. माफ करा, एवढंही नीट म्हणता आलं नाही. सुनेनं मला रस्त्यापर्यंत पोचवलं. मी तिला विचारलं, "ताईला का नाही सांगितलंत, की बाबा इथे अनवाणी असतात?"

"मावशी, खळ्यात कोन वहाना घालतं? त्ये सांगायचं आसतं व्हय?" ती म्हणाली.

तिचं खरं होतं. ताईनं विचारलं नाही, कारण तिला वाटलं तो चपला घालतोच. त्यानं सांगितलं नाही, कारण त्याच्या लेखी खळ्यात चपला न घालणं म्हणजे काही सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. चार वर्षं दोघं मनापासून आपापलं योग्य तेच करत होते, आणि दर वर्षी पाय फाटत होता.

परतीच्या गाडीत मी ठरवलं, बास. मी अन्न तुडवलं होतं. आता कुठल्या तोंडानं जायचं? अपमान झाला म्हणून थांबते आहे असं कुणाला सांगावं लागणार नव्हतं. जखम पुन्हा उघडली, माझ्यानं होत नाही, एवढं पुरेसं होतं. भाटघरच्या बाजूला उन्हं उतरली होती. खिडकीशी बसून मी ते वाक्य मनात घोळवत होते, ताटात पाय, ताटात पाय. आणि मला लहानपणी ऐकलेली गोष्ट आठवली. रानात एका मेंढपाळाला जळणारं पण न संपणारं झुडूप दिसतं, आणि आवाज येतो की पायातलं काढ, तू उभा आहेस ती जागा पवित्र आहे. ही गोष्ट मी शेकडो वेळा वाचली असेन. ती जागा समोर आली तेव्हा म्हातारा अनवाणी होता आणि मी चपला घालून आत धावले होते.

म्हणजे त्याला चपला घालायला लावणं हा उपाय नव्हता. आणि मी सुटले, हेही खरं नव्हतं. आता तर काय चुकतं ते कळलं होतं. ताईला हवं होतं ते उत्तर माझ्या हातात आलं होतं. ते घेऊन घरी बसणं मला जमणार नव्हतं.

तिचं कपाट मी उघडलं नव्हतं. त्या संध्याकाळी उघडलं. पांढऱ्या सुती साड्या, हजार वेळा धुऊन मलमलीसारख्या झालेल्या, तिच्या पद्धतीनं चौकोनी घड्या घातलेल्या. वरच्या साडीला अजून तिच्या साबणाचा वास होता. ती मी बाजूला ठेवली. दुसरी काढली आणि कात्री लावली. आईनं आम्हाला गोधडी शिवायला शिकवलं होतं. तसेच थरावर थर घालून, बारीक टाके घालून, मी पायाच्या मापाच्या दोन खोळी शिवल्या. तळाला जास्त थर, वर नाडी. चामडं नाही, रबर नाही, रस्त्याला कधी लागलेल्या नाहीत. बोटांना भोकं पडली. शिवून झालं तेव्हा मंगळवारची संध्याकाळ झाली होती.

बुधवारी गेले. ताई गेल्याचा वार. खळ्याच्या बाहेर चपला काढल्या, बरोबर त्याच्या चपलांशेजारी. आत गेले नाही. तिथूनच म्हटलं, "बाबा, माझं चुकलं. मी ताटात पाय दिला."

त्यानं पेंढी खाली ठेवली आणि तो कडेला येऊन बसला. मी ताज्या जखमेवर पट्टी बांधली, चांगली बांधली, त्यानं नाव ठेवलं नाही. मग पिशवीतून त्या खोळी काढल्या. त्यानं एक हातात घेऊन उलटसुलट केली.

"कापडाचं हाय."

"नवं शिवलंय. फक्त खळ्यासाठी. इथलं इथेच ठेवायचं, बाहेर घालायचंच नाही."

"पूर्वी मळनीला बैल फिरायचा, त्याच्या पायात बी नाल आसायची," सून मागून म्हणाली. "मंग बाबांच्या पायातच काय वाईट?"

"बैलाची अक्कल मला शिकवू नगंस," म्हातारा म्हणाला. पण त्याचा अंगठा टाक्यांवरून फिरत होता. मग तो थांबला. "ह्ये लुगडं कुनाचं?"

"ताईचं."

त्यानं खोळ झटकन माझ्या मांडीवर ठेवली. "न्हाई. गेलेल्या मानसाचं लुगडं पायात? शिस्टरचं? मला पाप लागंल."

मी बोलले ते आपोआप आलं, ताईच्या आवाजात, रागानं. "चार वर्षं तिनं तुमचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. ह्याच साडीवर. रक्त, पू, सगळं ह्याच साडीवर पडलं. तेव्हा पाप लागलं नाही, आणि आता लागतं?"

म्हाताऱ्याचे डोळे पाण्यानं भरले, पण तोंड हसलं.

"आता कसं शिस्टरवानी बोललात," तो म्हणाला. मग, "त्या गुरुवारी म्या पाय धुऊन बसलो हुतो. दिवस मावळंपतुर. कुनी सांगितलंच न्हाई." आणि त्यानं पाय पुढे केला.

मी नाड्या बांधल्या. तो उठला, खळ्याच्या कडेला वाकून भाताला हात लावून कपाळाला लावला, आणि आत गेला. पेंढी फळीवर आपटली. मी कडेला अनवाणी उभी होते. ताई गेल्यापासून न आलेलं रडू मला तिथे आलं, त्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

ती जखम पौषात भरली. बाकीच्या वर्षी तिला पुढच्या दसऱ्यापर्यंत वेळ लागायचा. अंगठा जागेवर आहे. साखर जात नाही, तळव्यात जाण येणार नाही, आणि पहिल्या खोळींच्या झोडणी संपेपर्यंत चिंध्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी पाय बघितला आणि म्हणाले, सांभाळा. एवढंच.

गुरुवारी निघायला मी अजून वेळ लावते. अजूनही कधी कधी गाडी चुकली तर बरं वाटतं. पण आता मला ठाऊक आहे की वाटण्यावर काही अवलंबून नसतं. पिशवी खांद्याला असली की पाय चालतात. सध्या वेल्ह्याकडे भात पोटरीला आलंय, लोंब्या लवकरच बाहेर पडतील. मी दुसरी साडी कापली आहे. ह्या वेळी तळाला दोन थर जास्त घालते आहे, आणि टाचेशी टाका दुहेरी. तिथेच आधी फाटलं होतं.