मी ट्रकचा नंबर लिहून दिला

कुरखेडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. माझ्याकडे नऊ गावं होती, औषधांचं एक लोखंडी कपाट होतं आणि माहेरून आणलेली लेडीज सायकल होती. वय तेवीस.

रस्ता म्हणजे एक गाडी मावेल एवढं डांबर, दोन्ही अंगाला मुरमाची पट्टी, खाली नाली आणि मग जंगल. दिवाळीनंतर बांबूची तोड सुरू झाली की त्या रस्त्यावर ट्रकांचं राज्य. मलेरियाचं काम बघणारे एक वयस्कर भाऊ होते, अर्धं आयुष्य सायकलवर गेलेलं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला बजावलं, "सिस्टर, मागून ट्रक आला का खाली उतराचं. चुकी त्याची असो का आपली, उतराचं आपण. तो काई उतरत नाई."

मला ते पटलं नाही. माझे वडील शाळामास्तर. त्यांच्या लहानपणी गावात समोरून कुणी मोठा माणूस आला की आमच्या लोकांना रस्त्याच्या खाली उतरून उभं राहावं लागे. पुढे दीक्षा घेतली, शिकले, नोकरीला लागले, आणि आम्हा बहिणींना सायकल शिकवताना ते एकच गोष्ट परतपरत सांगत: डाव्या बाजूनं नीट चालायचं, पण रस्ता सोडायचा नाही. मी ट्रकसाठी कधी उतरले नाही. ड्रायव्हर हॉर्न मारमारून वैतागत, खिडकीतून काहीबाही बोलत. मी मान सरळ ठेवून पायडल मारत राही.

मार्च महिना होता. मोहफुलं पडायला लागली होती, ती वेचायला सगळे रानात जात, त्यामुळे सकाळी गावं रिकामी असत. नऊच्या सुमारास एक म्हातारा माणूस धापा टाकत उपकेंद्रावर आला. सहा किलोमीटरवरच्या टोल्यावरून, चार घरांच्या वस्तीवरून, तो पायी आला होता.

"बाई, माही सून बाळंत झाली. पोरगी हाये. वारही पडली. पण रगत थांबून नाई राह्यलं."

"किती वेळ झाला?"

"दिवस निंगाच्या टायमाले झाली."

मी कपाट उघडलं. रक्त थांबवायच्या इंजेक्शनच्या तीन काचेच्या कुप्या शिल्लक होत्या. त्या कापसात गुंडाळल्या, बॅगेत घातल्या, बॅग हँडलला लावली. म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, तुम्ही मागून या. मी पुढं होते." तो हात जोडून उभा राहिला. मी वळणाआड जाईपर्यंत तो बघत तसाच उभा असणार.

निम्मा रस्ता झाला असेल. मागून भरलेला ट्रक आला. हॉर्न वाजला. मी डावीकडेच होते, तशीच चालत राहिले. पुढे वळण होतं. वळणावर कुणी ओव्हरटेक करत नाही, पण त्यानं केलं. तो माझ्या बरोबरीला आला आणि समोरून एसटी निघाली. मग त्यानं गाडी माझ्या अंगावर दाबली. बांबूची टोकं मागून बाजूला निघालेली होती. ती माझ्या खांद्यावर बसली. एवढंच आठवतं. पुढच्या क्षणी मी नालीत होते, तोंडात माती, आणि सायकलचं पुढचं चाक माझ्या पोटरीवर.

एसटी निघून गेली. ट्रक थोडा पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर उतरून पळत आला. चाळिशीचा, खाकी शर्ट, गळ्यात रुमाल. त्याचं पहिलं वाक्य होतं, "ओ बाई, साइड काऊन नाई देली?"

माझ्या हाताशी दगड होता. मी तो उचलला. आज सांगायला लाज वाटत नाही, तो मला त्याच्या डोक्यातच घालायचा होता. मी काय काय बोलले ते मलाही ऐकू येत नव्हतं. तोही बोलत होता, वळण, एसटी, ब्रेक, असं काहीतरी. मग मला बॅग दिसली. ती चाकाखाली चेपली होती. उघडली तर कापूस ओला. तिन्ही कुप्या फुटल्या होत्या. तो ओला कापूस मी हातानं चाचपत राहिले, जणू एखादी तरी आत सापडेल.

"काय होतं त्याच्यात?" त्यानं विचारलं.

"बाई मरून राहिली तिकडं," मी म्हणाले. "तिचं औषध होतं."

त्यानं सायकल उभी केली. पुढचं चाक पार वाकलं होतं. परत उपकेंद्रावर जाऊन उपयोग नव्हता, कपाटात दुसरी कुपी नव्हती. मी दगड टाकला आणि ट्रककडे चालायला लागले. डावा हात वर होत नव्हता. "चल," मी त्याला म्हटलं. भांडायला, रडायला, नंबर बघायला, कशालाच वेळ नव्हता. ज्यानं पाडलं त्याच्याच गाडीत बसायचं, याचा मला इतका संताप आला होता की वर चढताना मी त्याचा आधाराचा हात झटकला.

तो टोल्याच्या बैलगाडीच्या वाटेवर भरला ट्रक घेऊन शिरला. फांद्या टपावर घासत होत्या. तो म्हणाला, "मले दिसली होती तुमी. वाटलं गाडी निंगून जाईन."

घरात ती बाई खाटेवर पडली होती. माझ्याच वयाची. ओठ पांढरे, पण डोळे उघडे. खाटेच्या सुतळीतून रक्त जमिनीवर ठिबकत होतं. सासू बाळाला घेऊन कोपऱ्यात बसली होती. नवरा मजुरीला दूर गेलेला. मी पोट चोळलं, मुठीनं दाबून धरलं, जे जे शिकवलं होतं ते केलं. दाबलं की कमी होई, सोडलं की पुन्हा. एका हातात जोर नव्हता. त्या बाईनं माझ्याकडे बघून विचारलं, "सुई नाई देत का?"

मी म्हटलं, "दवाखान्यात देऊ."

ड्रायव्हरनं आणि शेजारच्या दोघांनी तिला खाटेसकट उचलून आणलं आणि ट्रकच्या केबिनमध्ये लांब सीटवर निजवलं. डोकं सासूच्या मांडीवर. मी खाली गुडघ्यावर बसून पोट दाबून धरलं. बाळ शेजारणीकडे राहिलं.

तालुक्याच्या दवाखान्याचा रस्ता तासाभराचा. निम्म्यावर आलो तेव्हा समोर एक सायकलवाला दिसला. कॅरिअरवर लाकडाचा भला मोठा भारा, रस्त्याच्या मधोमध, डुलत डुलत चाललेला. हॉर्न वाजला. त्याला भाऱ्यामुळे वळता येईना. माझ्या हाताखाली ते पोट सैल पडत चाललं होतं. मी ओरडले, "काढ ना पुढं! काय बघतोस? दाब त्याला!"

हे मी म्हणाले. मीच.

त्यानं ब्रेक मारला. "नाई बाई," तो म्हणाला. "दुसरा नाई पाडत मी आज." सायकलवाला कसाबसा उतरला, भारा सावरत कडेला झाला, आणि ट्रक त्याच्या बाजूनं हळू निघाला. किती वेळ गेला असेल? मिनिटभर. मी त्या मिनिटात ड्रायव्हरला जी शिवी दिली ती त्याआधी आयुष्यात कुणाला दिली नव्हती.

दवाखान्यात डॉक्टर धावत आले. त्यांनी दोन सलाइन लावली, इंजेक्शनं दिली, स्वतः पाऊण तास पोट धरून होते. रक्त चढवायची सोय तिथे नव्हती, त्यासाठी पुढं न्यायचं होतं. न्यायच्या आधीच, दुपारी दीडच्या सुमारास ती गेली. सासूनं हंबरडा फोडला नाही. सुनेच्या पायावरचं लुगडं नीट करत बसली.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "गावातच इंजेक्शन का दिलं नाहीस?"

"फुटलं."

"कसं?"

मी दाराकडे बघितलं. ड्रायव्हर तिथेच उभा होता. तो निघून जाऊ शकला असता. त्याचा माल खोळंबला होता, कुणी त्याला धरून ठेवलं नव्हतं.

"ट्रकनं पाडलं," मी म्हणाले. "याच्या."

"हो साहेब," तो म्हणाला. "माही चुकी हाये. वळणावर काढली."

डॉक्टर म्हणाले की लिहून द्यावं लागेल. मी कागद घेतला. वेळ, जागा, कुप्या, सगळं लिहिलं. गाडीच्या नंबराशी आले तर मला नंबर माहीतच नव्हता. त्याच ट्रकमधून मी इतका वेळ फिरले होते. त्यानं तो सांगितला, मी लिहिला. 

चार वाजता म्हातारा पोचला, टोल्यावरून मिळेल त्या गाडीनं आणि उरलेलं पायी. त्याला कुणीतरी दारातच सांगितलं होतं. तो माझ्यासमोर उभा राहिला. "बाई, तुमी तं माह्यासमोर सायकलवर निंगाल्या होत्या. मंग उशीर कायचा झाला?"

मी त्याला सगळं सांगितलं. ट्रक कसा आला, मी कशी उतरले नाही, कुप्या कशा फुटल्या. उतरले नाही हे सांगायची गरज नव्हती. कागदावर ते लिहिलंही नव्हतं. पण त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली की नाही ते कळलं नाही. मग तो पायरीवर बसलेल्या ड्रायव्हरकडे गेला. मला वाटलं, आता हा मारेल. मारावं असंही वाटलं, आणि कुणाला, त्याला की मला, ते मला ठरवता येत नव्हतं.

म्हातारा म्हणाला, "भाऊ, पोरीले घरी न्यावं लागते. गाडी नाई आमच्यापाशी."

ड्रायव्हर उठला आणि बांबूचे दोर सोडायला लागला. म्हाताऱ्यानंही एक टोक धरलं. दोघांनी मिळून दवाखान्याच्या आवारात बांबू उतरवले, खालचे चार थर राहू दिले आणि त्यावर चादर अंथरली.

ड्रायव्हरचं पुढे काय झालं मला माहीत नाही. एकदा पोलीस येऊन माझा जबाब घेऊन गेले. तो त्या रस्त्यावर पुन्हा दिसला नाही. ती पोरगी आजीनं शेळीच्या दुधावर वाढवली. लसीसाठी मी तिला मांडीवर घेई तेव्हा आजी दुसरीकडे बघत असे.

सायकल दुरुस्त करून मी आणखी सहा वर्षं त्या रस्त्यावर चालवली. मागून ट्रकचा आवाज आला की उतरत असे, मुरमावर पाय टेकून, बॅग छातीशी धरून. काही ड्रायव्हर हात वर करून जात, काही हसत. ट्रक दिसेनासा होईपर्यंत मी तिथेच उभी राही. पुन्हा सायकलवर बसायला मला दर वेळी जास्तच वेळ लागायचा.